गोळीशिवायचं पत्र

मुलूरी, साउथ ऑस्ट्रेलिया
१४ मे २००८

मर्विन,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू आधी विचारशील, कोण गेलं? कोणी गेलेलं नाही. क्लेम ठणठणीत आहे, पेरणी उरकलीय आणि पाऊस नेहमीसारखा शेजाऱ्यांच्या रानात पडून गेला. मी लिहितेय ते डॉक्टरणीने सांगितलं म्हणून. बहिणीला उमाळा आला वगैरे काही समजू नकोस. पत्ता पाद्रीबाबांकडून घेतला. तू त्यांना अजून नाताळचं कार्ड पाठवतोस हे मला आत्ता कळलं. मला कधी पाठवलं नाहीस ते बरंच केलंस, मी चुलीत घातलं असतं.

मुद्द्यावर येते. आईची वळवळ मला लागली आहे.

आज लागली नाही, लागून वीस वर्षं झाली. अंथरुणाला पाठ टेकली की पोटऱ्यांच्या आत, थेट हाडाच्या आत, काहीतरी सरपटायला लागतं. पाय झाडला की क्षणभर थांबतं. उठून चाललं की पूर्ण थांबतं, आणि पुन्हा आडवी झाले की पुन्हा सुरू. आई व्हरांड्यात का फेऱ्या मारायची ते तेव्हा आपल्याला कळलं नाही, आता माझ्या पायांना कळलंय. क्लेमने दहा वर्षं दुसऱ्या खोलीत काढली. म्हणतो, तुझ्याशेजारी झोपणं म्हणजे मेंढीची लोकर कातरताना मेंढी होऊन बसणं.

शेवटी त्यानेच मला ॲडलेडला नेलं. तिथे मज्जातंतूंच्या आजारांच्या डॉक्टर आहेत, डॉक्टर पॅपस. पस्तिशी पण गाठली नसेल. आजी-आजोबा ग्रीसहून आलेले, आणि हात हलवल्याशिवाय बाईला बोलता येत नाही. झोपेच्या आजारांवर त्यांचं संशोधन चाललंय. रात्रभर माझ्या डोक्याला आणि नडग्यांना वायरी चिकटवून ठेवल्या आणि सकाळी विचारलं,

"दुखतं का? शून्य ते दहा, किती?"

"दोन," मी म्हटलं.

"डॉक्टर," क्लेम म्हणाला, "हिचं मनगट मोडलं होतं तेव्हाही दोनच होतं. आमच्याकडे दोनच्या वर कोणी जात नाही. चार म्हटलं की पाद्र्याला बोलावतात."

डॉक्टर हसल्या, पण त्यांनी तो कागद बाजूला ठेवला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. म्हणाल्या, "मिसेस लिंडनर, याला नाव आहे. तुमच्या डोक्यात काही बिघाड नाही. म्हणजे आहे, पण तुम्हाला वाटतो तो नाही."

मग त्यांनी सगळं सांगितलं. साडेतीनशे वर्षांपूर्वी इंग्लंडात विलिस नावाचे वैद्य होऊन गेले. मज्जातंतूंच्या शास्त्राला नावसुद्धा त्यांनीच दिलं म्हणे. त्यांनी लिहून ठेवलंय की काही माणसं अंथरुणावर पडली की त्यांचे हातपाय असे उसळतात, की झोपणं म्हणजे त्यांना छळाच्या कोठडीत पडल्यासारखं होतं. पुढे एका स्वीडिश डॉक्टरांनी अशी पुष्कळ माणसं तपासून आजाराला 'अस्वस्थ पाय' असं नाव दिलं. मी विचारलं, कधी? त्या म्हणाल्या, एकोणीसशे पंचेचाळीस. मी पुन्हा विचारलं. तेच उत्तर आलं.

तू आईला इस्पितळात घेऊन गेलास एकसष्ट साली. सोळा वर्षं आधीपासून नाव होतं, मर्विन, आणि आपल्या इथे सगळे तिला वेडी म्हणत होते.

डॉक्टर एका गोळीची चाचणी घेतायत, त्यात मी आहे. हा आजार घरात वाहत येतो, म्हणून त्यांना दोन गोष्टी हव्या आहेत. तुझे पाय कसे आहेत? आणि आईला त्या इस्पितळात काय देत होते? तू तिथे जात होतास. मला कोणी जाऊ दिलं नाही.

दोन ओळींत कळव. जास्त लिहू नकोस.

एल्वा


मुलूरी
९ जून

मर्विन,

दोन ओळी म्हटलं तर खरंच दोन ओळी. खाणीच्या खड्ड्याचं चित्र असलेलं पोस्टकार्ड, आणि मागे: "पाय ठीक. आईला इंजेक्शन देत. नाव माहीत नाही." तू काल्गूर्लीच्या खाणींत जाऊन बोलणंसुद्धा जमिनीत पुरून ठेवलंस की काय?

तरी डॉक्टरांना तेवढं पुरलं. त्या काळी वेड्यांच्या इस्पितळात कोणती इंजेक्शनं द्यायचे ते त्यांना ठाऊक आहे. मेंदूत एक रस असतो. हालचाल त्याच्यावर चालते आणि हवंसं वाटणंही त्याच्यावरच चालतं. आमच्यासारख्यांच्या मेंदूत त्याचं काहीतरी बिनसलेलं असतं. माझी गोळी तो आहे असं भासवते. आणि ती इंजेक्शनं नेमकी त्याचीच वाट अडवत.

"म्हणजे वळवळ वाढली असेल?" मी विचारलं.

"खूप," त्या म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांचे हात हलत नव्हते.

म्हणजे बघ. ती चालायची म्हणून इंजेक्शन, इंजेक्शनाने आणखी चालायची, म्हणून आणखी इंजेक्शन. शेवटी पलंगाला बांधली. दोन वर्षांत न्यूमोनियाने गेली असं लिहून आलं. मी परतताना क्लेमला गाडी थांबवायला लावली आणि रस्त्याकडेला उभी राहून ओरडले. तीन मेंढ्यांनी ऐकलं.

गोळीचं सांगायचं राहिलं. मला झोप लागते. चौथ्या रात्री मी आडवी झाले, पाय सुरू होण्याची वाट पाहत राहिले, आणि डोळे उघडले तेव्हा खिडकीत ऊन होतं. मला वाटलं मी मेले. क्लेम आता परत आमच्या खोलीत झोपतो. घोरतो. घोरू दे.

पण झोप लागली म्हणून मी विसरले असं नाही. तू तिला म्हणालास, ॲडलेडच्या शेतकी प्रदर्शनाला जाऊया. मी पंधरा वर्षांची होते, फाटकाशी उभी होते. तिने निळा कोट घातला, जर्दाळूच्या मुरंब्याची बरणी घेतली, टॉवेलात गुंडाळली आणि मांडीवर धरून तुझ्या गाडीत बसली. स्पर्धेत मांडणार होती. मला म्हणाली, "एल्वा, बक्षिसाची फीत मिळाली तर तुझ्या केसांना." बाबांनी सांगितलं म्हणून तू केलंस, हे मला ठाऊक आहे. बाबा मेले तेव्हा मी त्यांच्या थडग्यावर फूल ठेवलं नाही. पण खोटं तू बोललास. तुझ्या तोंडाने.

त्याचं उत्तर पोस्टकार्डावर मावणार नाही.

एल्वा


मुलूरी
३ जुलै, सकाळी

मर्व,

तुझी चार पानं आली. मी ती मेंढवाड्यात उभी राहून वाचली, मग घरात येऊन वाचली, मग क्लेमला वाचून दाखवली. तो बाहेर जाऊन उगाच ट्रॅक्टरचं तेल बघून आला.

तू मला हे आधी का नाही सांगितलंस? सांगणार कसा, मी फोन आपटत होते. बरोबर. पण तरी.

मी पुन्हा लिहून काढते, म्हणजे मला नीट बसेल. गावाची हद्द ओलांडल्यावर तिचे पाय सुरू झाले. ती म्हणाली, थांब. उतरली आणि रस्त्याने चालायला लागली, आणि तू अठरा वर्षांचा पोरगा, पहिल्या गिअरवर तिच्या मागे मागे गाडी चालवत राहिलास. दमली की बसायची, थोडं पुढे जाऊन पुन्हा उतरायची. आख्खा दिवस असा गेला. एका ठिकाणी तुझ्याने राहवलं नाही आणि तू तिला खरं सांगितलंस. ती म्हणाली, "मला माहीत आहे रे. पाद्र्याची बायको चार दिवस माझ्याशी गोड बोलतेय." आणि म्हणाली, "चल. ते काहीतरी करतील. इथे मी नुसती चालून चालून मरेन."

तिला माहीत होतं! मुरंबा घेतला तो माझ्यासाठी. मला कळू नये म्हणून. आणि तो तुम्ही दोघांनी रस्त्यात बोटांनी खाऊन संपवलात. मर्व, मी हे वाचून आधी रडले आणि मग इतकी हसले की कुत्रं घाबरलं.

आणखी एक. शेवटच्या ओळीत, जाता जाता, तू लिहिलंस की तुझेही पाय तसेच आहेत, चाळिशीपासून. "पाय ठीक" म्हणे! आपण नॉस्के खानदान. दोनच्या वर जाणार नाही.

पुढे बरंच लिहायचंय, पण टपालाची गाडी आलीय.

एल्वा


३ जुलै, दुपारी

मर्व,

सकाळचं पत्र गेलं आणि लगेच पाच गोष्टी आठवल्या. आईची चर्चमध्ये मागे उभी राहायची जागा आठवते? ती म्हणायची, उभं राहिलं की देवाला आपण लवकर दिसतो. आणि टाकीतल्या थंड पाण्यात ती पाय सोडून बसायची आणि बाबा म्हणायचे, तेच पाणी आम्ही प्यायचं का? मला सगळं आठवतंय. पेन खाली ठेवलं की पुढचं आठवतं. बटाटे चुलीवर जळाले, जळू देत.

आजकाल मला भारी हुरूप आलाय. महिला मंडळाची मी चिटणीस आहे, तर मागच्या सभेचं इतिवृत्त मी बावीस पानांचं लिहिलं. मंडळातली डल्सी म्हणाली, "एल्वा, हे इतिवृत्त आहे की जुना करार?" पण खूश होती. सगळेच खूश आहेत. पाद्रीबाबा म्हणाले, लिंडनरबाई दहा वर्षांनी तरुण झाल्या. रस्त्यातल्या खड्ड्यांबद्दल मी पेपराला रोज लिहिते. एक तर छापलंसुद्धा.

काल संशोधनातल्या नर्सचा फोन होता. जोडी तिचं नाव. दर महिन्याला कागदावरचे प्रश्न विचारते.

"जुगार खेळावासा वाटतो?" "नाही." "खरेदी वाढली?" "मुलूरीत? दुकान एक, तेही गुरुवारी बंद." "खाणं?" "नाही." मग जरा खाकरून, "पलंगावरच्या इच्छा?"

क्लेम पलीकडून ओरडला, "तसं असतं तर मीच फोन केला असता, बाई!"

बघ किती चांगलं चाललंय. आणि मर्व, मी तुला माफ केलं. लिहून टाकते म्हणजे झालं. मी तुला माफ केलं, पूर्ण, मनापासून. सप्टेंबरात ये. इथे राहा. प्रदर्शनाला जाऊ तिघं. आईच्या थडग्यावर दगड बदलायचाय, त्यावर काय कोरायचं ते तू ठरव. ये. उद्या पुन्हा लिहिते.

तुझी एल्वा


मुलूरी
५ ऑगस्ट

मर्व,

क्लेमने तुला फोन केला हे मला तीन दिवसांपूर्वी कळलं. मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. आता बोलतेय, कारण त्याच्याशिवाय बोलायला आहे कोण.

त्याने सांगितलं ते खरं आहे. तरी माझ्या तोंडून ऐक. मागच्या आठवड्यात तपासणी होती. जोडीने तेच प्रश्न विचारले, मी तीच उत्तरं दिली, आणि क्लेम मध्येच म्हणाला, "ती लिहिते."

"काय लिहितात?" डॉक्टरांनी विचारलं.

"पत्रं. भावाला. जेवणाच्या ताटावर, गाडीत, मेंढ्या मोजताना. बोटाला फोड आलाय, फुटलाय, तरी लिहिते. परवा मी पेन काढून घेतलं तर मला चावायला आली."

चावायला आले नव्हते. हात झटकला होता.

डॉक्टरांनी माझा हात हातात घेऊन तो फोड बघितला. मग म्हणाल्या की चूक त्यांची आहे, त्यांच्या कागदावर जुगार आहे, खरेदी आहे, पण सतत काम करत राहणं नाही. काही जणांत ही गोळी हवंसं वाटण्याचं बटण चालूच ठेवते. कोणी पत्ते खेळत सुटतं, कोणी घड्याळं खोलून पुन्हा जोडत बसतं. शहरात अशा माणसाला कोणीतरी विचारतं, काय झालंय तुला? आमच्याकडे बाई दिवसभर हात चालवत राहिली तर तिची पाठ थोपटतात. आख्ख्या गावाने माझं दुखणं बघितलं आणि कौतुक केलं. मीही केलं.

मी विचारलं, "मी भावाला लिहिलं ते खोटं का?"

"तसं मी म्हणणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "आठवणी तुमच्याच आहेत. पण किती तुम्ही आणि किती गोळी, हे मला मोजता येत नाही. कोणालाच येत नाही अजून."

शिकलेली बाई, आणि इतकं सरळ सांगितलं. राग धरायलाही जागा ठेवली नाही.

गोळी हळूहळू कमी करतायत. पुढे वेगळ्या जातीचं औषध आहे म्हणे, पण आधी ही पूर्ण उतरायला हवी. पाय परत आलेत. आधीपेक्षा वाईट. दुपारी चहाला बसले तरी सुरू होतात. क्लेम पुन्हा दुसऱ्या खोलीत.

आणि क्लेम सांगतो, तू फोनवर एवढंच म्हणालास, "मग मी येऊ की नको? गोळी उतरली की तिला लिहायला सांग. एकच पत्र. तोवर मी निघत नाही."

बरोबर आहे तुझं. मला तुझा संताप आलाय, पण बरोबर आहे.

एल्वा


मुलूरी
२६ ऑगस्ट

मर्विन,

गोळी बंद होऊन दहा दिवस झाले. हे पत्र मी ओट्याशी उभी राहून लिहितेय. एक ओळ लिहिते आणि कोंबड्यांपर्यंत जाऊन येते. आज हा चौथा कागद आहे, आधीचे फाडले. पेन हातात धरावंसं वाटत नाही. आता मला कशाचीच ओढ नाही, फक्त पाय हलवायची आहे. लिहिणं म्हणजे भांडी घासण्याइतकं काम आहे, आणि भांडी तरी घासून संपतात.

जाऊन आले.

खरं सांगते. मी माझी जुनी पत्रं आठवून पाहिली. "मी तुला माफ केलं, पूर्ण, मनापासून." किती सहज लिहिलं होतं. आता मनात चाचपून बघते तर ते तिथे नाही. एवढंच आहे की तू तिच्या मागे गाडी चालवलीस ते माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. आणि त्याच्या शेजारीच ती फाटकाशी निळ्या कोटात गाडीत बसते तेही जात नाही. दोन्ही आहेत. एकाने दुसरं पुसलं जात नाही. सत्तेचाळीस वर्षांचा राग आहे, मर्विन, तो कुठे जाणार? सकाळी उठते तेव्हा तो माझ्या आधी उठलेला असतो.

तुला तिला परत फिरवता आलं असतं. तिने काहीही म्हटलं असलं तरी. अठरा वर्षांचा होतास, गाडी तुझ्या हातात होती. हे मी तुला तोंडावर सांगणार आहे. तुझ्या पुढ्यात जेवणाचं ताट असेल तेव्हा सांगेन. तू त्यावर काय बोलशील मला माहीत नाही आणि मला ते ऐकायचंय.

कोंबड्या. मग टाकीपर्यंत. आले.

क्लेम आत्ता आत आला, म्हणाला, "काय लिहिलंस? येऊ दे म्हणालीस का?" मी म्हटलं, "तुझं नाक पुसून घे आणि बाहेर जा." तो म्हणाला, "ही माझी बायको. ही आली परत." आणि मग वेड्यासारखा दाराला टेकून उभा राहिला. त्याचे डोळे भरले होते. मी दुसरीकडे बघितलं.

डॉक्टर पॅपसचा फोन होता. पुढच्या महिन्यात दुसरं औषध सुरू होईल. मी त्यांना सांगितलं, त्याआधी मला एक पत्र पाठवायचंय. त्या म्हणाल्या, कशाला स्वतःला छळता, बसून शांतपणे लिहिता येईल नंतर. मी म्हटलं, नंतर लिहिलं तर त्याला पुन्हा शंका येईल, आणि मलाही. मग त्यांनी विचारलं, "आता किती आहे? शून्य ते दहा?"

"आठ," मी म्हटलं.

मी आयुष्यात पहिल्यांदा तो आकडा तोंडातून काढला होता.

तर ऐक. गोळी नाही, झोप नाही, हुरूप नाही, माफी नाही. यातलं काहीही नसताना मी आज सकाळपासून चौथ्यांदा कागद घेतलाय, तो तुझ्यासाठी. ये. नलारबॉरच्या माळावरचा तो सरळसोट रस्ता तुझ्या पायांना खाऊन टाकेल, मला माहीत आहे. वळवळ सुरू झाली की गाडी बाजूला लाव, उतर, चाल, कोणाला लाजू नकोस. कितीही उशीर होऊ दे. मी फाटकाशी उभी असेन. नाहीतरी मला बसता येत नाही.

एल्वा